कुंपणापलीकडची गव्हाणी

एक होतं कुंपण. बोरीच्या काट्यांचं, चांगलं कमरेएवढं. अलीकडे इनास राहायचा, पलीकडे त्याचा सख्खा थोरला भाऊ पास्कू, आणि तीन वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता.

इनासची चिमुकली लेक कातरीन. झगा ठिगळांचा, पण डोळे कसे लुकलुक लुकलुक! वाटणीत विहीर पास्कूकाकाच्या बाजूला गेली होती, आणि काकाने रागाच्या भरात पाण्याचा पाट बुजवून टाकला होता. कातरीन लांबून कळशीने पाणी आणायची, तरी पिवळीधमक शेवंती माना टाकायची. आणि आज, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, बाबांनी सांगून टाकलं की सण झाला की वाडी सोडायची, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही.

भांडण इतकं विकोपाला गेलं होतं, की आजोबांच्या नाताळच्या गोठ्यातल्या मूर्तींचीही वाटणी झाली. मारिया, योसेफ, गाय आणि इवलीइवली मेंढरं काकाकडे. बाळ येशू इकडे. तिकडे गव्हाणी रिकामी, इकडे ओटीवरच्या गवतात बाळ एकटंच, आईबापाविना. सांगा बरं, असा कुठे नाताळ असतो?

शेवंतीपाशी बसून कातरीन मुसमुसत होती. तेवढ्यात एका फुलात सोनेरी झगमग झाली आणि पाकळीवरून बोटाएवढी परी घसरत खाली आली. पंख निळे, जांभळे, कडांना रुपेरी!

"तुझ्या कळशीतल्या पाण्यावर मी जगले," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम ऐक. ज्याच्यावर तुझा राग आहे, त्याच्या घरी तुझं मागणं आधी पोचेल, तुझ्या घरी मागाहून. आणि निम्मं काम तुझं. चर्चची संध्याकाळची घंटा संपायच्या आत तुला कुंपण ओलांडावं लागेल."

काकाची विहीर आटू दे, असं कातरीनच्या अगदी जिभेवर आलं. हो, आलं, लपवू कशाला? गुणी मुलांनाही राग येतोच की. पण तिची नजर ओटीवरच्या बाळाकडे गेली. देवाचा मुलगा, आणि जन्मला गुरांच्या गोठ्यात! त्याला नाही वाटला कमीपणा. कातरीनला स्वतःचीच लाज वाटली.

"आमच्याकडे कुणालाच नमतं घेता येत नाही," ती हळूच म्हणाली. "मलासुद्धा. तेवढं शिकव."

मग बाळाला झग्याच्या ओच्यात घेऊन ती निघाली. सूर्य माडांच्या मागे कलला होता. काट्यांनी पाय ओरबाडले. मागून बाबांची हाक आली, मागे फीर म्हणून. हाकेत राग होता. पण ती थांबली नाही.

दारात काका उभा, भुवया चढवलेला. तिने नुसतं बाळ पुढे केलं. गोठा होता जमिनीवर, बुटक्या छपराचा. गुडघे टेकल्याशिवाय गव्हाणीपर्यंत हात पोचायचा नाही. काकाने बाळ ओंजळीत घेतलं आणि तो आत गोठ्यापाशी गेला. मग त्याने गुडघे टेकले आणि बाळ गव्हाणीत ठेवलं.

तेवढ्यात बाबा तरातरा आत आले आणि थबकले. भावाला असं वाकलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"इनास," काका मान वर न करता म्हणाला, "पाट मी बुजवला. चुकलं माझं."

बाहेर घंटा सुरू झाली. एक टोल. दोन. कातरीनने डोळे गच्च मिटून घेतले. आपल्या घरी मागणं पोचलंच नाही तर?

तिसऱ्या टोलाला कपडे सळसळले. तिने डोळे उघडले, तर बाबा काकाच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यांवर बसले होते आणि गव्हाणीतलं कलंडलेलं बाळ नीट करत होते.

"पहिला काटा मी रोवला, दादा," बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

दोघा भावांनी तेव्हाच फावडी घेऊन पाट मोकळा केला. पाणी खळखळत शेवंतीपाशी पोचलं. परीने एक गिरकी घेतली, सारी वाडी सोनेरी उजेडाने न्हाली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

वाडी सोडायचं नाव मग कुणी काढलं नाही. आणि कुंपण? त्याचं सरपण झालं. सरपणावर दोन्ही घरच्या करंज्या एकाच कढईत तळल्या. त्यातली एक कातरीनने शेवंतीच्या बुंध्याशी ठेवली, आणि सकाळी पाहते तर तिच्या कडेला मुंगीएवढ्या दातांचा चावा होता.