वीतभर आखूड झगा

ही गोरखचिंच. आधी नीट बघून घ्या, नाहीतर फोटो काढाल आणि बघायचं राहून जाईल. आठ माणसांनी हातात हात धरून वेढा घातला तरी नववा लागतोच. दर्यापलीकडच्या मुलखातून कुणा खलाशाने बी आणून इथे लावलं, असं सांगतात; माऊलीचं देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, मागाहून झालं. आता बुंध्याला हात लावून एक फेरी मारा. समुद्राकडच्या अंगाला एक खोबण लागेल आणि बरोबर उलट बाजूला, विहिरीकडे, दुसरी. माणूस पाठ टेकून बसेल एवढी. जाणकार म्हणतात, असल्या झाडांना वयोमानाने खळगे पडतातच. म्हणोत बापडे. आम्ही त्यांना दोन बायकांच्या पाठींच्या खुणा मानतो.

त्यातली एक नातालीन. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पण गावात मान मोठा, कारण माऊलीला झगा चढवायचा हक्क तिच्या एकटीचा. दर सणाला नवा झगा लागायचा. तो कुणाच्या घरात शिवायचा नाही, इथे झाडाखाली शिवायचा, आणि मग देवळाची दारं लावून नातालीनने तो मूर्तीला घालायचा. झगा चांगला पायघोळ, त्यामुळे माऊलीचे पाय अख्ख्या गावात तिनेच काय ते पाहिलेले. नवा झगा चढवण्याआधी ती ते पाय खोबरेल तेलाने पुसायची. तेवढंच तिचं सुख होतं म्हणा ना.

दुसरी रेजू, शेजारच्या घरात लग्न होऊन आलेली. तिचं भरतकाम पाहून बायका तोंडात बोट घालायच्या. पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "काकी, कसे गो आहेत माऊलीचे पाय?"

"झाकलेले," नातालीन म्हणाली.

ठिणगी तिथे पडली म्हणे. पुढे नातालीनची नजर अधू झाली, तेव्हा फादरनी काम वाटून दिलं. झग्याचा पुढचा पट नातालीनने शिवायचा, मागचा रेजूने. नातालीन जळली. खोटं कशाला बोलू, मीही जळले असते. चाळीस वर्षं एकटीने जपलेलं काम, त्यात ही कालची पोर वाटेकरीण! आज अर्धा झगा मागते, उद्या पाय मागेल. रेजूही काही कमी जळत नव्हती; हात माझा चांगला आणि पाय मात्र हिनेच बघायचे, हे तिला सलत होतं. एकमेकींचं तोंड बघायला नको म्हणून दोघी बुंध्याच्या दोन बाजूंना बसल्या. मधे हे एवढं झाड.

झग्याचं माप दोरीने घ्यायचे. एक गाठ खांद्याची, एक पायाची. नातालीनने दोन दोऱ्या केल्या आणि रेजूच्या दोरीची खालची गाठ वीतभर वर बांधली. मागचा पट आखूड पडू दे, चार बायकांदेखत पडू दे, म्हणजे ही पुन्हा इथे फिरकायची नाही.

सणाच्या सकाळी सगळ्या बायकांसमोर दोन्ही पट एकावर एक ठेवले. नातालीन मागचा पट आखूड पडायची वाट बघत उभी. पट तंतोतंत जुळले! तिला काही उमजेना. कडा शिवून झाल्या, देवळाची दारं लागली, तिने माऊलीला झगा घातला, आणि बघते तर झगा चहूबाजूंनी वीतभर वर. दोन्ही पाय उघडे. बाहेर घंटा सुरू झालेली, मिरवणुकीचे खांदेकरी दार ठोठावतायत, आणि झग्याच्या निळ्या कापडाची चिंधीसुद्धा शिल्लक नाही. शेवटी तिने दार उघडलं.

सगळ्यांच्या नजरा त्या पायांवर. मग भातशेतीवर राबणारी एक म्हातारी ओरडली, "अगो बायांनो, माऊलीने लुगडं वर खोचलं! आपल्यासंगं चिखलात उतराया निघाली!" ती पुढे झाली आणि तिने पायांवर कपाळ टेकवलं. मग जी रीघ लागली ती लागलीच. रेजूने तर दोन्ही हातांनी पाय धरले आणि रडली. नातालीनला ते बघवत नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर गाठीचं सांगावं लागलं असतं.

पुढल्या वर्षी दोघी पुन्हा इथेच, आपापल्या बाजूला. तीन दिवस एक अक्षर नाही. चौथ्या दिवशी नातालीन झाडाला पाठ टेकून म्हणाली, "तुझ्या दोरीची गाठ मी सरकवली होती."

पलीकडची सुई थांबली. मग रेजूचा आवाज आला, "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तुमच्या दोरीची मी."

त्या दोघी गळ्यात पडल्या, असं काही जण सांगतात. माझा नाही विश्वास. मत्सर असा एका वाक्याने जात नाही. मी ऐकलंय ते असं, की मरेपर्यंत दोघी एकमेकींवर जळत राहिल्या, फक्त माप खरं द्यायला लागल्या. नातालीनने झगा चढवायचं काम सोडलं. सणाला ती सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहायची आणि पाळी आली की आधी पदराने पाय पुसून घ्यायची, पुढे असलेल्या बाईच्या हाताचा ठसा निघून जावा म्हणून. मग आपला हात ठेवायची.

आजही माऊलीचा झगा वीतभर आखूडच शिवतात. शिवायला फादर दोन न पटणाऱ्या बायका निवडतात. गावात त्यांची टंचाई कधी पडलेली नाही. पायांची बोटं हात लागून लागून गुळगुळीत झाली आहेत. आणि रांगेतली प्रत्येक बाई आजही आधी पदराने पाय पुसते, मग हात ठेवते. बाहेरच्यांना ती भक्ती वाटते. आता आत जाल तेव्हा बघा, मीही पुसते. रांगेत माझ्या पुढे नेहमी माझी जाऊ असते.