कासवांचा पोकळा

"मग हे जंत परत आले कुठून, महाराज?"

यशोधरने काचेची बरणी पुढे धरली. तळाशी कासवांच्या विष्ठेतले पांढरे, सुतासारखे जंत वळवळत होते.

निरंजनबुवा मठाच्या ओसरीत कोयत्याला धार लावत बसले होते. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग शिष्याकडे.

"औषध नीट दिलंस?"

"पशुवैद्य सांगून गेले तसंच. एकेकाला तराजूत घालून, वजनावर. घोट घशाखाली उतरल्याशिवाय एकालाही सोडलं नाही. मेलेले जंत पडताना मी डोळ्यांनी पाहिले."

"म्हणजे औषध खरं आहे."

"पण कमी पडतंय. या खेपेला दुप्पट देतो."

"जंताआधी कासव मरेल."

यशोधरने बरणी खाली ठेवली.

मठाच्या कुंपणात पाठीवर चांदण्या असलेली कासवं वाढत होती. वनखात्याच्या परवानगीने बुवांनी ती अंड्यांपासून वाढवली होती, रानात सोडण्यासाठी. दसऱ्यानंतर खात्याची माणसं येऊन तपासणार होती. विष्ठेत जंत सापडले, तर रानातल्या कासवांना लागण नको म्हणून ही सगळी जन्मभर कुंपणातच राहणार होती.

शिवाय पिल्लं वाळत चालली होती. खात होती, तरी वाळत होती.

"माझ्या कामात खोट नाही, महाराज. अंगण मी रोज झाडतो."

"ठाऊक आहे. मठात तुझ्याइतका स्वच्छ माणूस नाही, असं परवा पाहुण्यांना तूच सांगत होतास."

यशोधरचे कान तापले.

बुवा उठले. कुंपणाला लागूनच पोकळ्याचा वाफा होता, यशोधरने स्वतः केलेला. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवी. कासवांचा रोजचा चारा.

बुवांनी खालचं, मातीला टेकलेलं एक पान खुडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"खा."

"न धुता?"

"कासवांना धुऊन घालतोस?"

"तसं नाही महाराज, पण... कालच खत टाकलंय त्यात."

"कसलं?"

"कासवांच्या अंगणातलं. मठात काही वाया घालवायचं नाही, असं तुम्हीच..."

तो थांबला.

झाडून काढलेली विष्ठा वाफ्यात. वाफ्यातलं पान कासवाच्या तोंडात. आणि हे रोज, त्याच्याच हाताने, मोठ्या निगुतीने...

बुवांनी पान त्याच्या तळहातावर ठेवलं आणि पुन्हा कोयत्याकडे गेले.

यशोधरने त्याच दुपारी वाफा उपटला. अंगणातली वरची माती खरवडून दूरच्या खड्ड्यात पुरली. कासवं मठामागच्या कोऱ्या जमिनीवर नेली आणि जुनं अंगण उन्हात ओसाड सोडलं. बुवा कोयत्याने शेवग्याचा उंचावरचा पाला उतरवून देत. तो थाळीत घातला जाई, जमिनीवर नाही. औषधाच्या पुढच्या पाळ्या पशुवैद्यांनी ठरवल्याप्रमाणे झाल्या, थेंबभरही जास्त न देता.

पिल्लं अंग धरू लागली. पाय टणक झाले. एक दांडगं पिल्लू तर थाळीच उलटी करू लागलं, आणि यशोधर त्याला शिव्या देता देता हसू लागला.

दसरा झाला. खात्याचे पशुवैद्य आले. सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ उठेनात.

"जंताचं अंडंसुद्धा नाही," ते म्हणाले. "घेऊन चला रानात."

माळावर पेट्या उघडल्या. कासवांनी माना काढल्या, हुंगलं, आणि एकेक करून गवतात शिरली. दांडगं पिल्लू सगळ्यांच्या पुढे. यशोधरची छाती भरून आली. असं यश त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्या पिल्लाने गवतात विष्ठा टाकली, आणि यशोधरचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

"महाराज... इथे यांच्या मागे झाडणार कोण?"

पिल्लू मागे न बघता चढण चढून दिसेनासं झालं. बुवा त्या दिशेला बघत हसले.

"अरे, इथे त्यांना घाणीपाशी थांबवतंय कोण?"