उपाशी हातगोधडी

खोटं बोललं ना कुणीतरी! अगदी धडधडीत खोटं. म्हणे, सुगरणीच्या हाताला भाजत नाही. कोण बोललं, कधी बोललं, कुणालाच ठाऊक नाही. पण ज्यानं कुणी म्हटलं, त्यानं जन्मात चुलीवरचं पातेलं उतरवलं नसणार, एवढं नक्की. आणि ते खोटं एका अख्ख्या राज्यानं खरं मानलं. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

त्या राज्याचा राजा मोठा खवय्या. त्याला सगळं कसं वाफाळतं लागायचं. जिभेला चटका बसला की म्हणायचा, "वाहवा!" मग राजवाड्याच्या मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात बरं का, तीन मोठ्ठी चुलाणं धगधगत असायची. एकावर भात, एकावर आमटी, एकावर दूध. आणि ती तिन्ही पातेली उतरवायची कुणी? तर हौसा नावाच्या सुगरणीनं. नुसत्या हातांनी. तिनं फडकं घेतलं की थोरले आचारी गुंडोपंत ओरडायचे, "फडकं कसलं? तू सुगरण आहेस की बाहुली?" गुंडोपंत स्वतः फक्त चव बघायचे. तीही लांब दांड्याच्या पळीनं.

हौसाच्या बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. आणि एकदा काय झालं, तिची तान्ही लेक सारखी किरकिर करायला लागली. हौसानं तिच्या कपाळाला हात लावला. ताप आहे की नाही, कळेचना. बोटं जशी लाकडाची झालेली! शेवटी शेजारणीला हाक मारावी लागली. शेजारीण म्हणाली, "अगं, तव्यासारखी तापलीय पोर!" लेक दोन दिवसांत बरी झाली हो. घाबरू नका. पण हौसाच्या मनाला ते लागलं ते लागलंच. ती म्हणाली, "माझे हात मला परत पाहिजेत."

मग तिनं ठरवलं, हातांसाठी गोधडी शिवायची. आपल्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा घेतला, मऊमऊ. मेंढपाळाकडून घोंगडीचा तुकडा आणला, जाडजाड. तंबू शिवणाऱ्याकडून कापड मागून आणलं, चिवटचिवट. मग काय केलं, तिन्ही एकावर एक ठेवली. हातभर लांब, वीतभर रुंद. दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरून पातेलं उचलता यावं अशी. मग घातला बारीक धावदोरा. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आता हौसाच्या माहेरी एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत भाकरीचा घास ठेवायचा. गोधडी जन्मभर दुसऱ्याला ऊब देते, तिला उपाशी ठेवू नये. हौसाला रीत आठवली, नाही असं नाही. पण तेवढ्यात राजाच्या जेवणाची घंटा वाजली. "एवढीशी तर आहे, हिला कसली आलीय भूक!" असं म्हणून तिनं कोपरा मिटला, दोरा दातानं तोडला आणि पळत सुटली.

इथंच चुकली, बरं का.

पहिल्या दिवशी तिनं हातगोधडीनं भात उतरवला. जराही भाजलं नाही! हौसा मनातल्या मनात नाचली. पण राजानं घास घेतला, तर भात विहिरीच्या पाण्यासारखा गार. दुसऱ्या दिवशी आमटी उतरवली. वरचं तूप थिजून पांढरं झालेलं. तिसऱ्या दिवशी दूध उतरवलं. राजानं पेला तोंडाला लावला, तर दुधाचा दगड! ओठच चिकटला. आणि हातगोधडी? ती फुगत चालली होती. आधी पुरीएवढी जाड, मग भाकरीच्या गोळ्याएवढी, मग उशीएवढी.

राजा तरातरा मुदपाकखान्यात आला. ओठ चोळत म्हणाला, "हे काय चाललंय?"

गुंडोपंत म्हणाले, "मी सांगत होतो महाराज! चिंधीनं उतरवलं की अन्न बिघडतं. टाका ती चुलाणात."

हौसा "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी टाकलीसुद्धा. मग काय झालं? गप्पकन! हातगोधडीनं एका चुलाणातला जाळ गिळला. गप्पकन! दुसऱ्यातला. गप्पकन! तिसऱ्यातला. मग गावातल्या सगळ्या चुली विझल्या. बाहेरचं ऊनसुद्धा फिकट पडलं. राजाच्या दाढीवर दव जमलं.

सगळे मागे सरकले. हौसा तेवढी पुढे झाली. तिनं राखेतून हातगोधडी उचलली, तर आत गुडगुड, गुडगुड. पोटात कावळे ओरडतात ना, तसं. हौसानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! ही तर जन्मापासून उपाशी आहे!"

तिनं चार टाके उसवले. पण घास आणायचा कुठून? चूल पेटत नाही, तर भाकरी कुठली! तांदूळ निवडणारी ठकूआजी कोपऱ्यात कुडकुडत बसली होती. तिनं कनवटीतून कालचा भाकरीचा तुकडा काढला. "मी न्याहारीला ठेवला होता," ती म्हणाली, "पण ती जास्त भुकेलीय. घे."

हौसानं घास आत ठेवला आणि सुई हातात घेतली. हातगोधडीनं काय केलं सांगा? ढेकर दिली! अशी ढेकर, की तिन्ही चुलाणं भडकली, गावातल्या चुली पेटल्या, राजाची दाढी सुकली. पातेली रटरटली. आणि दूध निघालं उतू!

"उतरवा, उतरवा!" राजा ओरडला.

हौसा म्हणाली, "थांबा, एक टाका राहिलाय."

पण राजाला कुठला धीर! त्यानं आणि गुंडोपंतांनी दोन्हीकडून पातेल्याला हात घातला. "आई आई गं!" दोघं एकदमच किंचाळले. तोवर हौसानं गाठ मारली आणि हातगोधडीनं पातेलं अलगद खाली ठेवलं. दूध गरमच राहिलं.

राजा बोटांवर फुंकर घालत म्हणाला, "हौसाबाई, हे असं रोज भाजतं?"

"रोज. दोन्ही वेळा. तीन पातेली."

गुंडोपंत पळीकडे बघत राहिले. मग राजानं दवंडी पिटवली, की या राज्यात कुणाच्याही हाताला भाजतं. राजाच्या, रंकाच्या आणि सुगरणीच्यासुद्धा. घरोघरी हातगोधड्या शिवा. आणि एकही उपाशी ठेवू नका.

मग घरोघरी सुया चालल्या. हौसाचे घट्टे हळूहळू गळाले, बोटं मऊ झाली. लेकीचे केस किती रेशमी आहेत, हे तिला तेव्हा कळलं. गुंडोपंत स्वतः पातेली उतरवायला शिकले. सगळे पोटभर, गरम आणि न भाजता जेवू लागले.

राजानंही एक हातगोधडी शिवायला घेतली. कोपऱ्यात घास ठेवला, गाठ मारली, जांभई दिली आणि ती ठकूआजीला दाखवली. ठकूआजीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"टाके वाकडे पडलेत, महाराज," ती म्हणाली, "पण कुणाला भाजणार नाही. द्या ती इकडे, आणि जा, झोपा आता."