इतर खर्च

"बाई, यात चूक काय आहे, ते तरी सांगा."

 रेगेबाई चहा ओतत होत्या.

पन्हाळ्यावर सकाळपासून धुकं होतं. अंगण, फाटक, समोरची तटबंदी, सगळं कुणीतरी हळूच उचलून नेल्यासारखं झालं होतं. घर तेवढं उरलं होतं, आणि घरात ही दोन माणसं. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असं निषादला मघापासून वाटत होतं.

आपल्या हुशारीबद्दल मात्र तो पुरता जागा होता. फ्रेंच हॉस्पिटलांची बिलं आणि विम्याचे कागद इंग्रजीत आणण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्यांचा शिक्का असला की विमा कंपन्या पुढचं विचारत नसत. तो शिक्का आज आपल्या हाती येणार, अशी त्यांच्याकडे शिकणाऱ्या निषादची खात्री होती. नवशिके 'टिके मोदेरातर' पाहिलं की तिकीट लिहून मोकळे होतात. तो रुग्णानं स्वतः भरायचा वाटा असतो, हे निषादला झोपेतही सांगता आलं असतं. आणि आपल्याला ते सांगता येतं हे चारचौघांना कळावं, याचीही तो काळजी घेई.

आजचं बिल कोल्हापूरच्या नेर्लेकर आजोबांचं होतं. दोघं नवराबायको लेकीकडे फ्रान्समध्ये लियाँला गेले होते. तिथं आजी आजारी पडल्या आणि तिथल्याच हॉस्पिटलात वारल्या. आजोबा एकटे परतले.

बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मूळ काय आहे इथं?"

"फ्रे दिव्हेर."

"म्हणजे?"

"इतर खर्च."

"आणि तू काय लिहिलंस?"

"नाइट नर्सिंग." निषाद खुर्चीत पुढे सरकला. "नुसतं इतर खर्च म्हटलं की कंपनी ती ओळ उडवणार, बाई. आजी अतिदक्षता विभागात होत्या. रात्री कुणीतरी नर्स जवळ बसलीच असेल. संदर्भावरून लागतंय ते."

"आजोबांना सांगितलंस?"

"काल फोनवर वाचून दाखवलं." त्याचा आवाज जरा खाली आला. "त्यांना रात्री आत थांबू दिलं नव्हतं. पैशांचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, म्हणजे ती एकटी नव्हती… आणि रडले. बरं वाटलं त्यांना."



किटलीच्या वाफेनं खिडकीची काच आतून पांढरी झाली होती. बाईंनी हातातलं फडकं त्याच्यापुढे धरलं.

"काच पूस."

त्यानं पुसली.

"काय दिसतं?"

"धुकं."

"नीट पूस."

त्यानं पुन्हा फडकं फिरवलं, अगदी कोपऱ्यांतूनही. "काच स्वच्छ झाली, बाई. धुकं बाहेर आहे."

"पण फाटक आहे ना तिकडे?"

"आहे की. आत्ता त्यातूनच आलो."

बाईंनी आपलं पेन उघडून त्याच्या हाती दिलं.

"मग काढ ते फाटक काचेवर."

निषाद हसला. बाई हसल्या नाहीत. त्याचा हात काचेपर्यंत गेला… आणि तिथंच राहिला.

 बाहेरचं पांढरं हलतही नव्हतं. चहा निवत गेला.

तो परत येऊन बसला. त्याच पेनानं त्यानं आपले दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, मिसलेनियस चार्जेस. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"हॉस्पिटलला विचार, हा खर्च कशाचा म्हणून," बाई म्हणाल्या. "ते सांगतील ते लिहू."

"उत्तराला वेळ लागेल."

"लागू दे."

"आणि नर्सचा नसलाच तर?"

"नसला तर नसला."

"पण आजोबांना मी आता काय सांगू?" निषादनं पेन खाली ठेवलं. "ते काल शांत झोपले असतील, बाई."

"तुला ठाऊक नाही, असं सांग."

"ते पुन्हा तिथंच येतील… हॉस्पिटलच्या त्या दाराबाहेर."

बाईंनी कप उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात निषादचं जर्किन होतं. शिक्क्याचं तो विसरूनच गेला होता.

"त्यांच्या घरी कोण असतं?"

"कुणी नाही. लेक तिकडेच आहे."

बाईंनी जर्किन त्याच्या खांद्यावर ठेवलं आणि दार उघडलं. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"रात्री कुणीतरी जवळ बसलं होतं, असं तू लिहिलंस ना?"

"हो, बाई…"

"मग जा. त्यांच्याजवळ बस."