पेंढा भरलेला ससा

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याची शर्यतीची कुत्री लंगडू लागली. लांब तोंडाची, मुठीत मावेल अशा कमरेची ही कुत्री जत्रेतल्या शर्यतीत सलग तीन वर्षे पहिली आली होती. तिचे नाव भिंगरी. आता तिच्या मागच्या उजव्या पायाचा घोटा सुजला होता आणि जत्रा चार दिवसांवर आली होती.

त्या भागात एक वृद्ध पशुवैद्य राहत. त्यांना सारे आबा म्हणत. व्यापारी भिंगरीला घेऊन त्यांच्या अंगणात आला, तेव्हा त्यांचा शिष्य औषधी पाला वाटत बसला होता.

"आबा, चार दिवसांत उभी करा हिला," व्यापारी म्हणाला. "नाहीतर नदीपलीकडच्या माळावर सोडून देतो. घरी आणखी सात कुत्री आहेत. नुसतं बसून खाणारं तोंड मी कशाला पोसू?"

असल्या कुत्र्यांना माळावर अन्न शोधता येत नाही, हे शिष्याने डोळ्यांनी पाहिले होते. आबांना बाजूला घेऊन तो घाईघाईने म्हणाला, "आबा, शर्यतीच्या वेळी बधिर करणारा लेप लावतो. चार घटका काही दुखणार नाही. ती पळेल आणि तिचं घर तरी राहील."

त्याच्या बोलण्यात दयाच होती. आबांनी होकार दिला नाही की नकारही दिला नाही. ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, लेपाचं मग बघू. आधी तिला थोडी पळताना पाहू द्या."

व्यापाऱ्याच्या मळ्यामागे सरावाचे मैदान होते. टोकाला एक जुनी सायकल उलटी रोवलेली होती. टायर काढलेल्या तिच्या चाकाला लांब दोर बांधला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पेंढा भरलेले सशाचे कातडे होते. पायडल हाताने फिरवले, की दोर चाकावर गुंडाळला जाई, ससा पळू लागे आणि त्याच्यामागे कुत्री पळत. आबांनी पायडल फिरवायला बसलेल्या गड्याला उठवले आणि स्वतः सायकलीपाशी बसले. या वयात त्यांना हा कसला नाद लागला, असे शिष्याला वाटले.

ससा हलला आणि भिंगरी सुटली. सुजलेला पाय टेकला, की तिचे अंग कळवळून वाकडे होई, तरी ती थांबेना. शिष्याला ते पाहवेना. इतक्यात आबांनी पायडल सोडून दिले. दोर सैल पडला आणि ससा मैदानाच्या मधोमध निपचित झाला.

"अहो, फिरवा, फिरवा!" व्यापारी ओरडत धावला. "तो ससा तिला कधी सापडू द्यायचा नसतो!"

आबा हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते.

भिंगरीने झडप घातली. कातडे दाबले, फाडले. आतून पेंढा निघाला. तिने तो हुंगला, पंजाने उकरला, पुन्हा हुंगला. मग तिथेच बसून ती आपला सुजलेला घोटा चाटू लागली. गड्याने दोर ओढून पाहिला, चुचकारले, शिट्टी घातली. भिंगरीने मान वर केली नाही.

व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. "बिघडवलीत तुम्ही कुत्री! आता ही जन्मात धावणार नाही याच्यामागे."

"बिघडवलेलं जनावर मीच घेऊन जातो मग," आबा म्हणाले.

"न्या! डोळ्यांसमोर नको मला."

परतताना भिंगरी शिष्याच्या खांद्यावर होती. न राहवून त्याने विचारले, "आबा, सरळ मागितली असती तर दिली नसती का त्यांनी?"

"एका शर्यतीची आशा होती, तोवर दिली नसती," आबा म्हणाले. "आणि मला तुलाही काही दाखवायचं होतं. शेठ म्हणेल, धावणं हा तिचा स्वभाव. असेल. पण आत पेंढा आहे हे कळू न देता तिला पळवलं, तो त्याचा स्वार्थ. त्याने तिच्यापासून पेंढा लपवला. तू दयेपोटी तिच्यापासून तिचा पाय लपवणार होतास. 'थांब', एवढंच तिचं दुखणं तिला सांगत होतं. तेही तिला ऐकू आलं नसतं, तर तिने तो पाय पुरता मोडून घेतला असता."

शिष्याची मान खाली गेली. भिंगरीला खांद्यावर नीट सावरत तो म्हणाला, "आणि ती बाकीची सात?"

"सगळे दोर माझ्या हातात नाहीत," आबा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज थकलेला होता. "आज एक आला, तो सोडला."

जत्रेच्या सकाळी दुसऱ्या गावचा एक जण लंगडे कुत्रे घेऊन अंगणात आला आणि बधिर करणारा लेप मागू लागला. आबा आत होते. शिष्याने त्यांना हाक मारली नाही. "पाय बांधून देतो," तो म्हणाला. "दीड महिना पळवायचं नाही. लेप मिळणार नाही." तो माणूस शिव्या देत निघून गेला. शिष्याला वाईट वाटले, कारण कुत्रेही त्याच्यामागून गेले.

भिंगरीचा पाय जुळला, पण थोडा वाकडा. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती अंगणातून उठली आणि काही कारण नसता शेजारच्या मोकळ्या रानात धावत सुटली. पुढे ससा नव्हता, मागे कोणी ओरडत नव्हते. वाकड्या पायाने तिने दोन वेढे घातले आणि मनाला आले तेव्हा थांबली.