रायबा मिस्त्री आणि कोंडलेली मोटार

खूप मागची गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं आणि त्या अख्ख्या राज्यात मोटार होती एकच. थोरल्या महाराजांनी ती हौसेनं आणली होती. ते गेल्यावर राणीसाहेबांनी ती आजाऱ्यांसाठी देऊन टाकली. दवाखाना होता खिंडीपलीकडे. तिथवर आजाऱ्यांना पोचवायचं, एवढंच तिचं काम.

मोटार चालवायचा हसन, आणि तिची देखभाल करायचा रायबा मिस्त्री. रायबाच्या हातात कसब होतं आणि काळीज मऊ होतं.

एकदा एका धनगराला साप चावला. म्हातारी मोटार घाट चढता चढता धापा टाकू लागली आणि खिंड यायच्या आतच त्या माणसानं प्राण सोडला. रायबाला तीन दिवस घास गोड लागला नाही.

"ही गाडी मी पळवून दाखवीन," तो म्हणाला.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारं भांडं. रायबानं जुनं लहान भांडं काढलं आणि दोन मोठी दमदार कार्बोरेटर बसवली. मोटार अशी काही गरजली, की झाडावरचे पोपट उडाले. अर्ध्या दिवसाची वाट ती दोन तासांत कापू लागली. लोकांनी रायबाला डोक्यावर घेतलं.

आठ दिवसांनी हसन म्हणाला, "मिस्त्री, गाडी झकास पळते. पण खालून तेल ठिबकतंय."

"सांध्याचं सील जुनं झालंय, दुसरं काय!" रायबानं नवं सील बसवलं.

पुढच्या आठवड्यात तेलाचं टोपण उडालं. रायबानं ते तारेनं करकचून बांधलं. मग दुसऱ्या एका फटीतून तेल आलं. त्यानं तीही फट बुजवली.

हसन पुन्हा आला. "मिस्त्री, रागावू नका. आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. गाडी कोंडल्यासारखी..."

"हसन, तू चाक धर. इंजिनातलं मला कळतं."

हसन ओशाळला. त्यानंतर तो काही सांगायला आला नाही.

मग एके दिवशी विणकराची सून बाळंतपणात अडली. सासूनं तिला मोटारीत घातलं आणि हसननं घाट धरला. ऐन चढावर फाडकन आवाज झाला. इंजिनावरचं झाकण फुटून तेल तापलेल्या नळीवर सांडून पेटलं आणि धुराचा लोट उठला. आग विझवताना हसनचा हात भाजला.

पण तो थांबला नाही. त्यानं दोन लाकूडतोड्यांना हाक मारली, घोंगडीची झोळी केली आणि तिघांनी मिळून सुनेला खिंडीपार नेलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण वैद्य म्हणाले, "आणखी घटकाभर उशीर झाला असता, तर माझ्या हाती काही नव्हतं."

रायबा घाटात धावत आला. फुटलेल्या झाकणापाशी बसला आणि त्याला सगळं उमगलं. इंजिनाचा जोर वाढला तसा पोटात साचणारा धूरही वाढला होता. त्याला बाहेर पडायला वाट मात्र तीच, जुनी, बोटाएवढी. धूर फटीफटीतून वाट शोधत होता, आणि रायबा एकेक फट बुजवत होता.

तो तडक राणीसाहेबांपुढे गेला. "सरकार, अपराध माझा. हसन सांगत होता, मी त्याला गप्प केलं."

राणीसाहेब म्हणाल्या, "तुझ्या हेतूत खोट नव्हती, रायबा. पण हे मला सांगून काय उपयोग? ज्याला गप्प केलंस, त्याच्याकडे जा."

हसन ओसरीवर बसला होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. रायबा त्याचे पाय धरायला वाकला आणि म्हणाला, "चुकलो रे."

"अहो, हे काय मिस्त्री!" हसननं त्याला उठवलं.

"आता सांग. अगदी सगळं सांग."

मग हसन बोलू लागला. तेल सपाटीला येत नाही, चढावरच येतं. आधी करपट वास येतो, मग टोपण थरथरतं. रायबा मान खाली घालून ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून काम केलं. इंजिनाच्या पोटातून रुंद नळी काढून ती कार्बोरेटरच्या तोंडाशी जोडली. आता कोंडणारा धूर इंजिन आपणच ओढून जाळून टाकू लागलं. बांधलेल्या तारा रायबानं स्वतःच्या हातानं सोडल्या.

त्यानंतर मोटार कितीदा घाट चढली, पण तेलाचा थेंब सांडला नाही. आणि पाना हातात घेण्याआधी रायबा विचारू लागला, "हसन, ती काय म्हणतेय?"

तात्पर्य : कुरकुर दाबल्यानं दुखणं जात नाही, आधी ती कान देऊन ऐकावी.