वावटळीचा पाट

एक होता माळ. उघडा, लांबच लांब. त्याच्यावर तीन वाड्या, चुलीच्या तीन दगडांसारख्या. खालची, मधली आणि वरची. दर चैत्रात, टळटळीत दुपारी, तिथं एक पाहुणी यायची. कोण? वावटळ. पाचोळा फिरवणारी साधीसुधी नाही बरं का. आभाळाएवढी उंच. गरगर फिरत यायची आणि घराचं छप्पर टोपीसारखं उचलून न्यायची.

खालच्या वाडीत भिवरा राहायची. ती लोकांची छपरं शाकारून द्यायची. तिची लेक सोनकी, सहा महिन्यांची, आढ्याला बांधलेल्या झोळीत निजायची. एकदा काय झालं, भिवरा पाटावर बसून भाकरी थापत होती आणि वावटळ आली. छप्पर गेलं. आढं गेलं. आढ्याबरोबर झोळीही गेली. भिवरा बसली होती तो पाट तेवढा राहिला.

भिवरा रडली. पुष्कळ रडली. मग तिनं डोळे पुसले, पाट डोक्यावर घेतला आणि निघाली.

"पाट कशाला गं?" शेजारच्या दगडूतात्यांनी विचारलं.

"लेक सापडली की न्हाऊ घालून यावर बसवीन."

"वाऱ्याची मोट बांधायला निघालीस होय?"

"बांधीन नाहीतर सोडीन. ही बया पहिल्यांदा कधी आली, तेवढं सांगा."

तात्यांनी डोकं खाजवलं. "आमची तांबडी गाय पहिल्यांदा व्याली ना, त्या साली. देवळापुढचा मंडप नेला. मग दर साली येतेच."

"ती निघाली तेव्हा तिला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? दैवत आहे ते. हातावर दही द्यायचं म्हणून वाटीभर दही तिच्यात भिरकावलं, आणि म्हटलं, पुन्हा या. दारातून निघालेल्याला 'जा' कसं म्हणायचं?"

भिवरानं पाट डोक्यावर नीट बसवला. दर साली तिनंही तेच म्हटलं होतं.

मग ती चालत चालत मधल्या वाडीत गेली. तिथं पारूआत्या कुंभारीण मडकी थापटत होती.

"वावटळ ना? माझ्या लग्नात आली पहिल्यांदा," पारूआत्या म्हणाली. "नवऱ्याचं पागोटं नेलं. तेव्हा कळलं, खाली टक्कल आहे."

"आणि तुम्ही तिला पुन्हा या म्हणालात?"

"म्हटलं की. दह्यावर साखरही घातली. नव्या नवरीनं रीत सोडायची का?"

मग भिवरा वरच्या वाडीत गेली. तिथं बिरूदादा धनगर मेंढरं राखत होता.

"माझी सात मेंढरं नेली बघ," तो म्हणाला. "दुष्काळ पडला होता त्या साली. तरी आम्ही पुन्हा या म्हटलं. दोनदा म्हटलं. एकदा म्हटलेलं तिला ऐकू गेलं नसेल म्हणून."

"ती राहते कुठं?"

"त्या बोडक्या टेकडीवर. पण जाऊ नकोस पोरी. तुलाही नेईल."

"नेलं तर लेकीजवळच नेईल," भिवरा म्हणाली आणि चढायला लागली.

चढता चढता ती विचार करत होती. तिन्ही वाड्यांनी वावटळीला पुन्हा या म्हटलं, म्हणून ती पुन्हा येते. पण घरी पाहुणा आला की आपण आधी काय म्हणतो? ते कुणी म्हटलंच नाही की.

टेकडीवर तिनं पाट मांडला. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. पहिल्या दुपारी वावटळ आलीच नाही. दुसऱ्या दुपारी आली आणि भिवराला आडवी पाडून गेली. पाणी सांडलं, कोपर फुटलं. भिवरा उठली, झऱ्यावर जाऊन तांब्या भरून आणला. तिसऱ्या दुपारी तिनं पदरानं पाटावरची धूळ पुसली आणि उभी राहिली.

मग आली. गरगर, गरगर. तिच्या पोटात छपरं फिरत होती, मेंढरं फिरत होती, आणि उंच वर एक झोळी फिरत होती. भिवराचा पदर फडफडला. पण ती हलली नाही.

"बाई, बसा," ती म्हणाली.

वावटळ थबकली. "काय म्हणालीस?"

"बसा म्हटलं. उन्हातून आलात. पाणी घ्या."

"मला आजवर कुणी बस म्हटलं नाही गं," वावटळ म्हणाली. "सगळे म्हणतात, पुन्हा या. म्हणून मी आपली येते नि फिरते, फिरते नि येते."

आणि ती बसली. आता बसून गरगर फिरता येतं का? नाही येत. मग तिचा घेर ढिला झाला. अलगद खाली आली छपरं. खाली आला मंडप. खाली आली सात मेंढरं, मग एक पागोटं. आणि सगळ्यांत शेवटी झोळी, भिवराच्या हातांत. आत सोनकी अंगठा चोखत निजलेली. इतके दिवस झोळीचा झोका थांबलाच नव्हता ना.

पाणी पिऊन वावटळ उठली. "येते मी," म्हणाली.

भिवरानं लेकीला छातीशी धरलं. 'जा' म्हणावंसं वाटलं. पण जीभ वळेना.

"या," ती म्हणाली. "पण चालत या."

तेव्हापासून ती चालतच येते. भिवराच्या नव्या छपराची काडी हलत नाही. तिन्ही वाड्या सुखानं नांदल्या. सोनकी त्याच पाटावर न्हाली आणि मोठी झाली. पारूआत्याचा नवरा तेवढा अजून पागोटं हातानं धरून चालतो.

चला, पडा आता. पायांना गार लागलं का जरा? तीच असेल. थोडं सरका, तिला बसायला जागा द्या, आणि मिटा डोळे.